पणजीला येताय? मग दोन-तीन दिवस या शहरालाच द्या

सांतइनेजकर

नमस्कार मंडळी.

थंडी सुरू झाली की पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव सगळीकडून ओळखीच्यांचे फोन येऊ लागतात. "गोव्याला येतोय, काय बघू?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा धागा. इथल्या इतर गोवेकरांनी भर घालावी, चुकत असेल तिथे टोकावं.

माझं म्हणणं एकच आहे. पणजी हे मुक्कामाचं शहर आहे आणि ते पायी, फेरीबोटीने आणि कदंबच्या, म्हणजे सरकारी, बसने बघायचं असतं. बहुतेक पाहुणे कळंगुट-बागाला उतरतात आणि "साउथ गोवा टूर" नावाच्या बसमध्ये बसतात. तीत जुनं गोवं, मंगेशी, दोना पावल, मिरामार आणि शेवटी मांडवीतली बोट असते. यातलं जुनं गोवं, मिरामार आणि दोना पावल तिसवाडी तालुक्यात येतं, म्हणजे उत्तर गोवा जिल्ह्यात. खरी दक्षिण, म्हणजे काणकोण, केपें, सांगें, त्या बसला दिसतही नाही. आणि पणजी? चर्चसमोर फोटोपुरता थांबा मिळाला तर मिळाला. 1843 पासून राजधानी असलेलं शहर असं उरकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर पहिला दिवस असा काढा. सकाळी आठच्या आत बाहेर पडा. आधी भाजी-पाव. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून "मिक्स", सोबत बन्स किंवा मिरचीची भजी. भोसले, ताटो ही जुनी नावं आहेतच, पण कुठल्याही गल्लीतल्या हॉटेलात, जिथे सरकारी कर्मचारी उभ्याने चहा पितात, तिथे बिनधास्त शिरा.

मग नदीकाठी जुन्या सचिवालयाकडे या. हा मूळ आदिलशहाचा राजवाडा. पोर्तुगीजांनी तो वापरला आणि मुक्तीनंतर विधानसभाही इथेच भरत असे, ती 2000 साली पर्वरीला गेली. शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, एका बाईवर हात पसरून उभा असलेला. पाहुणे बघतात आणि हे काय चाललंय असा चेहरा करून पुढे जातात. थांबा जरा. हा कांदोळीचा मुलगा, जन्म 1756 चा. युरोपात जाऊन त्याने संमोहनाचा अभ्यास केला आणि ते बाहेरच्या कुठल्या शक्तीमुळे नव्हे, तर माणसाच्या स्वतःच्या मनावर झालेल्या सूचनेमुळे घडतं, असं मांडलं. गोव्यात त्याची गोष्ट अशी सांगतात: लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा खाली बसलेल्या बापाने कोंकणीत हळूच म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोरचे सगळे भाजीच समज, काप. आणि पोराची वाणी सुटली. पुतळा 1945 चा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. मुलांना ही गोष्ट तिथेच उभं राहून सांगा, पुतळा त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

तिथून चर्च चौकात. पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांचं चर्च सगळ्यांना माहीत असतं, पण वरच्या घंटेकडे कोणी बघत नाही. ती जुन्या गोव्याच्या सांत आगुस्तीन मठाची. मठ कोसळला, घंटा काही वर्षं आग्वादच्या दीपगृहात होती आणि 1871 मध्ये इथे आली. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्याच्या सें कॅथेड्रलची. आठ डिसेंबरला इथलं फेस्त असतं. त्या आठवड्यात आलात तर चौकातल्या जत्रेतून खाजें घ्या.

चर्चपासून थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचं देऊळ. पोर्तुगीज राजवटीत पणजीत बांधायला परवानगी मिळालेलं हे पहिलं देऊळ, साल 1818. या दोन वास्तू इतक्या जवळ आहेत की मधलं अंतर चालताना गोव्याच्या इतिहासातली तीनशे वर्षं पायाखालून जातात.

पुढे मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्त्या. फेनिक्स झरा बघा, मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढा, वरून लाल कौलांचा सगळा मळा दिसतो. सांत सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, डोळे उघडे असलेला क्रूसावरचा ख्रिस्त आहे, तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहावंसं वाटतं.

दुपारी शीतकडी-नुस्तें, म्हणजे भात, कालवण आणि मासळी, जेवून झोपा. चक्क झोपा. एक ते तीन-चार पणजीतली बरीच दुकानं बंदच असतात. संध्याकाळी कांपालवरून चालत मिरामारला. वाटेत कला अकादमी लागेल, चार्ल्स कोरियांची वास्तू. आत नाटक असेल तर तिकीट काढा. मिरामारला वाळूत शिरण्याआधी भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी थांबा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. खेड्यापाड्यांत मराठी शाळा पोचल्या त्या त्यांच्या काळात. मराठी माणसाने इथे नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

जुनं गोवं आणि बेटं यांवर माझ्याहून जास्त माहिती असलेली माणसं इथे आहेत. त्यांनी लिहावं.

रेणुका_नाशिक

किती छान लिहिलंय दादा! आम्ही जानेवारीच्या शेवटी येतोय. मी, नवरा, दोन मुलं (अकरा आणि सात) आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी. त्यांना मंगेशी आणि शांतादुर्गा करायचीच आहे. नवऱ्याला संध्याकाळची बोट हवी आहे, मुलांना समुद्र. एवढं चालणं आम्हाला जमेल असं वाटत नाही. आमच्यासाठी बसच बरी नाही का?

पंचगंगा

बसला इतकी नावं ठेवू नका हो. माझे आईवडील दोघंच आले होते. त्यांना ना भाषा, ना रस्ते माहीत. पर्यटन महामंडळाच्या बसने फिरले आणि समाधानाने परत आले. एकट्या ज्येष्ठांना ठरलेली वेळ, ठरलेले पैसे, सोबत माणसं, हे फार मोलाचं असतं. प्रत्येकाला टॅक्सी परवडते असंही नाही.

सांतइनेजकर

पंचगंगा, पटलं. एकट्या ज्येष्ठांसाठी बस योग्य. माझा राग ती बस म्हणजेच गोवा असं समजण्यावर आहे.

रेणुकाताई, तुमचे पाच जण आहेत, तेव्हा एक दिवस पूर्ण गाडी ठरवा आणि तो फक्त फोंड्याच्या देवळांना द्या. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याचा नागेश, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, सगळं जवळजवळ आहे. सकाळी लवकर निघा, दहाच्या पुढे मंगेशीला बसगाड्यांची रांग लागते. नागेश सोडला तर ही दैवतं मूळची इथली नव्हेत, हे मुलांना जरूर सांगा. मंगेशी कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडीतली देवळं पाडली गेली, तेव्हा लोकांनी रातोरात नदी ओलांडून देव पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले. कवळ्याचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने बांधलेलं. लपवून आणलेल्या देवांची म्हणून ही देवळं गर्द कुळागरांत (पोफळीच्या बागांत), दऱ्यांत लपल्यासारखी वाटतात.

जुन्या गोव्यात सासूबाईंना त्रास होणार नाही. बॉम जीझस आणि सें कॅथेड्रल समोरासमोर आहेत, रस्ता सपाट. बॉम जीझस 1605 चं. त्याचा जांभा उघडा दिसतो, कारण 1950 च्या दशकात बाहेरचा गिलावा काढला गेला. जांभ्याला पाऊस सोसत नाही, म्हणून गिलावा परत करावा असं अनेकजण पोटतिडकीने सांगताहेत. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत, उंचावर आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. प्रार्थना चालू असेल तर फोटो काढू नका. पुराणवस्तू खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तो वार टाळा.

आणि टेकडीवरचा सांत आगुस्तीनचा मोडका मनोरा तुम्ही आणि मुलं जाऊन बघा, सासूबाईंना खाली सावलीत बसू द्या. गोव्यात मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी जागा तीच. घंटा पणजीत, मनोरा इथे. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष याच ढिगाऱ्यात सापडले आणि 2021 मध्ये ते भारताने जॉर्जियाला दिले.

दिवाडीची_सून

जुन्या गोव्यापर्यंत येऊन पाहुणे मागे वळतात हे बघून जीव तुटतो! व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली उतरलं की फेरीचा धक्का. चालत्या माणसाला तिकीट नाही. गाडीही चढते, चारचाकीला किरकोळ पैसे. काही मिनिटांत तुम्ही दिवाडी बेटावर.

बेटावर काय आहे, तर भातशेती, मानशी (खाडीचं पाणी अडवणारी दारं), खारफुटी आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. वर जाऊन उभे राहा, मांडवीचे सगळे फाटे आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या वास्तूच्या छताला कदंबकाळातल्या देवळाचं काम उरलं आहे, तेही बघा.

आता खरं सांगायचं ते. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचं आमच्या या बेटावरचं. त्यांच्या नाण्यांवर या देवाचं नाव असे. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार गेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी पलीकडच्या नार्व्याला नवं देऊळ बांधायला लावलं. दारावर तसा शिलालेख आहे. महाराजांच्या हुकुमाने उभं राहिलेलं देऊळ आजही पूजेत आहे आणि महाराष्ट्रातून आलेल्या दहा पाहुण्यांतल्या नऊ जणांनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं! राज्य सरकारने त्याचा जीर्णोद्धार केला, 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं.

तर दिवाडी ओलांडून दुसऱ्या टोकाला जा. तिथून दुसरी फेरी नार्व्याला जाते. देव आणि माणसं ज्या पाण्यातून पलीकडे गेली, त्याच पाण्यातून तुम्ही जाता. देऊळ लहान, शांत, चढ-उतार कमी, पोफळींची सावली. रेणुकाताई, सासूबाईंना मंगेशीइतकंच हे आवडेल. लिंग पैलूदार आहे, धारालिंग म्हणतात त्याला. परतताना मये तळ्यावरून डिचोली, तिथून पणजीचा रस्ता सोपा. अर्धा दिवस पुरे.

गावात मोठ्याने गाणी लावू नका, शेताच्या बांधावर बाटल्या टाकू नका, एवढंच मागणं.

कवळेकार

शाकाहाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे त्याला शिवराक म्हणतात. गोव्यात शाकाहाऱ्यांचे हाल होतात ही समजूत किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तयार झालेली आहे. हिंदू घरांत सोमवार, श्रावण, सणवार शिवराकच असतं, त्यामुळे या स्वयंपाकाची परंपरा मासळीच्या स्वयंपाकाइतकीच जुनी आहे. अळसांद्याचं तोणाक, मुगागाठी, खतखतें (यात निदान पाच-सहा भाज्या आणि वर तिरफळं), कारल्याची किंवा नीरफणसाची कापां, आणि सोलकढी. फोंड्यात आणि पणजीत शिवराक थाळी सहज मिळते. फक्त "व्हेज थाळी" म्हणू नका, पनीर येईल. "गोंयची शिवराक थाळी आहे का?" असं विचारा.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पोंपों भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोई आणि उंडे घ्या. मुलांना काकणां द्या, कडक बांगड्यांसारखे पाव, चहात बुडवून खायचे. संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट असतं. त्यातला रोस (रस्सा) बहुतेक ठिकाणी कोंबडीचा असतो, तेव्हा सासूबाईंना नको.

शुक्रवार हाताशी असेल तर म्हापशाचा बाजार. जानेवारीत मानकुराद आंबा मिळणार नाही, पण मयड्याची केळी, हरमलच्या मिरच्या, आमसुलं, गावठी गूळ मिळेल. सकाळीच जा.

सँडी_ठाणे

दूधसागर होईल का एका दिवसात? आणि रात्रीच्या बोटीचं काय? कसिनोंच्या बोटी आणि क्रूझ यांत गोंधळ होतो.

सांतइनेजकर

दूधसागर होतो, पण दिवस पूर्ण जातो. कुळ्याहून जीप, जंगलातून आणि ओढ्यांतून. पावसाळ्यात जीप बंद असतात. रुळांवरून चालत जायला रेल्वेने बंदी घातलेली आहे, समाजमाध्यमांवरची चित्रफीत बघून तो विचार करू नका. तिकडे जाणारच असाल तर तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ जोडून करा. कदंबकाळातलं, काळ्या दगडातलं. गोव्यात जांभा सगळीकडे, हा दगड मुद्दाम बाहेरून आणलेला.

बोटी वेगळ्या आहेत. सांता मोनिका धक्क्यावरून सुटते ती तासाभराची फेरी: देखणी, फुगडी, कोरेदिन्य नाच होतात आणि मग पाहुण्यांना मंचावर बोलावतात. आवाज बराच मोठा असतो. कुटुंबाबरोबर चालेल. कसिनोंच्या बोटी नदीतच उभ्या असतात, जुगाराच्या भागात लहान मुलांना प्रवेश नाही. पण नदी अनुभवायची असेल तर माझं मत: पणजी-बेती फेरीने सूर्यास्ताच्या वेळी पलीकडे जा आणि परत या. जमलं तर दिवसा पलीकडचा रेइश मागूश किल्ला करा. नीट डागडुजी केलेला आहे आणि आत मारिओ मिरांडांची चित्रं आहेत.

चोडणचो

पक्षी बघणाऱ्यांसाठी: रायबंदरहून चोडणची फेरी. धक्क्यालाच लागून डॉ. सलीम अली अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. भरतीच्या वेळी होडीतून आत जाता येतं, ओहोटीला नाही. म्हणून आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा. खंड्या, बगळे, नशीब असेल तर चिखलात पडलेली मगर. रायबंदरला जाताना ज्या रस्त्यावरून जाल तो पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधलेला पूल आहे, सुमारे तीन किलोमीटर लांब. दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरं असल्यामुळे आपण पुलावर आहोत हे लक्षातही येत नाही.

मळ्यातली

मी फोंतेन्हासला लागूनच राहते. हात जोडून विनंती करते. निळ्या-पिवळ्या भिंती म्हणजे चित्रपटाचा सेट नाही, आमची घरं आहेत. रोज सकाळपासून दाराच्या पायरीवर कोणीतरी बसलेलं असतं. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपडे बदलायला आडोसा मागतात, खिडकीतून आत कॅमेरा धरतात. आमच्या शेजारी आजारी म्हातारी बाई आहे, तिच्या खिडकीखाली धुराच्या नळ्या लावून फोटो काढले. बाजूला व्हा म्हटलं तर "रस्ता सगळ्यांचा आहे" हे उत्तर. कितीतरी घरांवर आता "फोटो काढू नका" अशा पाट्या लावाव्या लागल्या.

या, जरूर या. गल्ल्यांतून चाला, बेकरीत पाव घ्या, कपेलात बसा, कोणी दारात असेल तर "देव बरें करूं" म्हणून हसा. बरेचजण स्वतःहून घराबद्दल सांगतील. एखाद्या जाणत्या स्थानिकासोबत लहान गटाने फिरणारे लोक येतात, त्यांचा त्रास कधीच होत नाही. दुपारी मात्र येऊ नका, आमची झोपेची वेळ.

रेणुका_नाशिक

मळ्यातली ताई, लक्षात ठेवते. आम्ही तिथे फोन पिशवीत ठेवूनच फिरू.

सँडी_ठाणे

आणि पावसाळा? जुलैमध्ये स्वस्त पडतं म्हणून विचारतोय.

दिवाडीची_सून

पावसाळ्यातला गोवा मला सगळ्यात प्रिय. पण दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. समुद्रात उतरायचं नाही, लाल बावटे असतात. जीवरक्षक शिट्टी मारतात ती तुमच्या जिवासाठी. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ताजी समुद्राची मासळी कमी, महाग. त्याऐवजी खाडीची मासळी आणि सुकं नुस्तें, त्याची कोशिंबीर म्हणजे किसमूर.

24 जूनला सांजांव, लोक डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून विहिरींत उड्या मारतात. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो. ऑगस्टच्या शेवटाकडे आमच्या दिवाडीचं बोंदेरां, झेंड्यांचा उत्सव. चवथीला मात्र पाहुणा म्हणून येऊ नका, हॉटेलं-दुकानं बंद, सगळे गावी. कोणाच्या घरी बोलावणं असेल तर पहिलं तिकीट काढा आणि या! गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेली माटोळी बघितली नाही त्याने गोवा अर्धाच बघितला.

पंचगंगा

वाहनाचं काय करायचं? टॅक्सीचा अनुभव आमचा फार वाईट होता. मीटर नाही आणि उतरल्यावर ठरल्यापेक्षा जास्त मागितले.

चोडणचो

लांबच्या पल्ल्याला भाडं आधी ठरवून लिहून घ्या, किंवा गोवामाइल्स ॲपवर आधी दर बघा. पणजीतल्या पणजीत एकट्या माणसाला पायलट सगळ्यात उत्तम: पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, परवानाधारक चालक, मागे तुम्ही. भाडं बसण्याआधी विचारायचं. दुचाकी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलीस अडवतात ते पाहुण्यालाच. हेल्मेट घालाच. मडगाव, वास्को, म्हापसा कुठेही जायचं तर कदंब स्थानकावरून बस मिळते.

रेणुका_नाशिक

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय: मुक्काम पणजीतच. पहिला दिवस शहर, पण सासूबाईंसाठी दोन तुकड्यांत, दुपारी विश्रांती. दुसरा दिवस गाडीने फोंड्याची देवळं. तिसरा दिवस सकाळी जुनं गोवं, मग दिवाडी आणि नार्वे. समुद्र रोज संध्याकाळी मिरामारला. एकच शंका: रेल्वेने यायचं तर कुठे उतरू? आणि मिरामारला मुलांना पाण्यात सोडलं तर चालेल?

सांतइनेजकर

करमळी सगळ्यात जवळ, जुन्या गोव्याला लागूनच. तुमची गाडी तिथे थांबत नसेल तर थिवी. मडगावला उतरलात तर पणजी तासाभरावर.

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, ओढ फसवी असते. तिथे वाळूत खेळू द्या, पाय भिजवू द्या, बस. पोहायचंच असेल तर एक सकाळ राखून जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर न्या आणि लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच सोडा. मिरामारलाच विज्ञान केंद्र आहे, उन्हाच्या वेळी अकरा वर्षांच्या पोराचा तिथे चांगला वेळ जाईल.

देवळांच्या दिवसाची गाडी आदल्या संध्याकाळी ठरवा, आणि कवळ्याला दुपारच्या आरतीला पोचाल असा क्रम लावा.